परातीची कड

माझ्या वडिलांचं काम फिरवून बघण्याचं होतं. भोपाळच्या त्या मोठ्या सरकारी कारखान्यात टर्बाइनचे रोटर बनत. तयार झालेला प्रत्येक रोटर जाड भिंतींच्या बोगद्यात नेऊन ठरलेल्या वेगाहूनही जास्त वेगाने फिरवला जाई. तिथे टिकला तर वीजघरात टिकेल, नाही टिकला तर भिंती आहेतच. या चाचणीला ओव्हरस्पीड म्हणत. बाबा त्या विभागात इंजिनियर होते आणि घरी आल्यावरही त्यांची ड्यूटी संपत नसे. आम्हा माणसांसाठी जाड भिंती नव्हत्या, एवढाच फरक.

आईची पोळी जरा वाकडी झाली की ते ती बोटावर धरून फिरवत आणि म्हणत, "बॅलन्सिंगला पाठवावी लागेल." पाहुणे हसत. आईही हसे, आणि पाहुणे गेल्यावर कढई जरा जोरात आपटे. मी बी.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आले तेव्हा त्यांनी पेढे आणले. मला वाटलं वाटायला आणलेत. त्यांनी मला स्कूटरवर बसवलं, पहिल्या आलेल्या मुलीच्या घरी नेलं, पेढ्यांचा डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "इसे भी ज़रा बता दीजिए, कैसे पढ़ते हैं." ती बिचारी माझ्याकडे बघून ओशाळली. मी एक पेढा खाल्ला. चांगला होता.

आई त्यांच्याइतकी क्रूर नव्हती, कारण तिला वेळ नव्हता.

एम.एस्सी. झाल्यावर मी विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता तापलेल्या, फिरणाऱ्या जड अणुकेंद्रकांचा आकार. एका अणूवर दुसरा वेगाने आदळला की दोघांची केंद्रकं क्षणभर मिळून एक होतात. ते एकत्र झालेलं केंद्रक तापलेलं असतं, आणि टक्कर जराशी बाजूने झाली असेल तर गरगर फिरतही असतं. थंड असताना त्याच्या आकाराला आतली स्वतःची कारणं असतात. तापलं की ती कारणं विरघळतात आणि ते नुसत्या थेंबासारखं वागू लागतं. फिरकी वाढली की आधी ते पेढ्यासारखं चपटं होतं. आणखी वाढली की लांबतं. मग कंबर बारीक होते आणि दोन तुकडे होतात. कुठल्या फिरकीला कुठला आकार, आणि कुठल्या फिरकीला फुटणार, हे मला गणिताने काढायचं होतं. घरी हा विषय सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे माझंच काम, फक्त हात काळे न करता."

माझ्या मार्गदर्शकांना आम्ही सर म्हणायचो. त्यांनी मला घेतलं ते माझे मार्क बघून नव्हे, वडिलांचा कारखाना बघून. विद्यापीठात आमच्या गणिताला पुरेल असा संगणक नव्हता, कारखान्यात होता. चपला बाहेर काढून, थंडगार खोलीत शिरून त्याचं दर्शन घ्यायचे ते दिवस. कॉम्प्युटर सेंटरचे प्रमुख बाबांचे मित्र होते. त्यांच्या मेहेरबानीने मला जेवणाच्या सुट्टीत मशीन मिळे, तेवढ्यात माझा प्रोग्राम कसाबसा पळे.

सर कधी ओरडत नसत. विद्यार्थ्याने उभं राहून शंका काढली की ते पूर्ण ऐकून घेत, चष्मा पुसत आणि म्हणत, "बैठिए." शंकेचं उत्तर नाही, चूक की बरोबर तेही नाही. एरवी आम्हाला 'तुम' म्हणणारे सर 'आप'वर आले की समजावं, आपला निकाल लागला. त्या एका शब्दाने त्यांनी माझ्या आधीच्या दोन मुलांना पीएच.डी. सोडायला लावली होती. एक आता बँकेत आहे, आणि मला बघितलं की काउंटरच्या मागे खाली वाकून काहीतरी शोधायला लागतो.

आमच्या कामाची रीत अशी होती. केंद्रकाचे वेगवेगळे आकार कागदावर जाळीसारखे मांडायचे, गोलापासून सुरू करून अधिकाधिक लांबट. प्रत्येक आकाराची ऊर्जा काढायची. जिथे ती सर्वांत कमी, तो केंद्रकाचा खरा आकार. जाळी सरांनी आखलेली होती, कुठवर लांबवायचं तेही त्यांनीच ठरवलेलं. दीड वर्ष सगळं नीट चाललं. मग एका जड केंद्रकाची फिरकी मी वाढवत नेली, आणि एका टप्प्यानंतर सर्वांत कमी ऊर्जा एका खूप लांबट आकारावर येऊन थांबली. सर खूश झाले. फुटायच्या आधी केंद्रक इतक्या लांबट आकारात स्थिर राहतं, हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पेपर लिहायला घेतला, विभागात परिसंवाद ठरवला, बाहेरगावच्या तज्ज्ञांना बोलावणी गेली.

मी आकडे पुन्हा बघितले. तो लांबट आकार जाळीच्या अगदी शेवटच्या ओळीत होता.

मी सरांना सांगितलं, की जाळी तिथे संपते म्हणून उतार थांबल्यासारखा दिसतोय. पुढे आणखी ओळी घालून बघायला हवं. कदाचित तिथे स्थिर आकार नसेलच, केंद्रक सरळ फुटत असेल. सरांनी चष्मा पुसला. "जाली मैंने बनाई है. आप कंप्यूटर चलाइए." मी म्हटलं, "पर सर, शेवटची ओळ..." घाबरून माझ्या तोंडून मराठीच निघालं. ते म्हणाले, "बैठिए."

मी घरी आले ती तणतणतच. बाबा जेवत होते. मी ओट्यावरची परात घेतली, भावाची जुनी गोटी तिच्यात टाकली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. गोटी घरंगळत जाऊन मधल्या खोलगट भागात थांबली. "हा खरा तळ," मी म्हटलं. मग परात एका बाजूने उचलली. गोटी कडेला जाऊन थांबली. "आणि हा तळ नव्हे, ही कड आहे. कड नसती तर गोटी जमिनीवर असती. सर म्हणतात, गोटी इथे आरामात बसलीय."

बाबांनी घास गिळला आणि गोटीकडे बघितलं. माणूस कसाही असो, डोकं तल्लख होतं.

"म्हणजे तुझं केंद्रक बोगद्यात फुटलंय आणि तुझे सर त्याला पास करतायत."

मला अजून आठवतं, त्या क्षणी मला ते आवडले होते.

"मोठी जाळी चालवायला काय लागेल?" त्यांनी विचारलं.

"मशीन पूर्ण दुपारभर मोकळं लागेल. रविवारीच होईल. बरेच रविवार लागतील."

त्यांनी ताटात हात धुतला. "मिळेल. तुला रविवार हवेत, मला जावई हवाय. सकाळी मुलगा, दुपारी मशीन. ज्या रविवारी मुलगा नाही, त्या रविवारी मशीन नाही."

आई मध्ये काही बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, "पोहे आणून ठेवायला हवेत मग."

असा आमचा करार झाला आणि तो मी पाळला. ग्वाल्हेरचे आले, इंदूरचे आले, कारखान्याच्या टाउनशिपमधलेच दोन आले, चार इमली या बड्या साहेबांच्या वस्तीतले एक अधिकारी आपल्या मुलाला घेऊन आले. मी प्रत्येक वेळी तीच हिरवी साडी नेसले. आतून मी घड्याळाकडे बघत असायची. मला मुलाशी कर्तव्य नव्हतं, फक्त त्याने जेवणाच्या आत निघावं. त्यातल्या काहींशी मी वाईट वागले. एकाने, बऱ्याच सभ्य दिसणाऱ्याने, विचारलं की लग्नानंतर काम सुरू ठेवणार का. मी म्हटलं, "तुम्ही सुरू ठेवणार का? म्हणजे सांगण्यासारखं काही करता?" तो तांबडालाल झाला. त्या रविवारी ते लोक साडेदहालाच उठले आणि मला मशीनवर जास्त वेळ मिळाला.

त्या चार इमलीवाल्या मुलाच्या आईंनी घरातली हिंदीमिश्रित मराठी बोलत विचारलं, "हे तुमचं ॲटम-बिटमचं काम, त्यात काही गॅस-बिस तर निकलत नाही ना?" भोपाळमध्ये हा प्रश्न कुणी गमतीने विचारत नसे. मी खरं ते सांगितलं, की मी फक्त कागदावर गणित करते. त्यांना ते पटलं नाही. पुढे बाबांना निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण हात जरा गरम वाटले. एवढी हसले नसेन मी त्या वर्षात.

आणि दर दुपारी मी जाळी एकेक ओळ पुढे सरकवत होते. दर वेळी गोटी नव्या कडेला. आणखी ओळी, आणखी एक मुलगा, पुन्हा कड. शेवटी जाळी इतकी लांबवली, की केंद्रकाची कंबर दोऱ्याएवढी झाली होती, आणि ऊर्जा तरी उतरतच होती. मध्ये कुठेच तळ नव्हता. त्या फिरकीला ते केंद्रक थांबत नाही, फुटतं. सरांचा नवा आकार म्हणजे जाळीची कड होती, दुसरं काही नाही. मी सरांच्या टेबलावर कागद नेऊन ठेवले. त्यांनी ते न बघता बाजूला सारले. पेपर छापायला गेलेला होता.

परिसंवादाच्या दिवशी सरांनी मला हबीबगंज स्टेशनवर पाठवलं, दक्षिणेकडून येणाऱ्या एका वयस्कर प्राध्यापकांना उतरवून घ्यायला. मऊ आवाजाचे गृहस्थ होते. रिक्षात त्यांनी आपणहून विचारलं, की तू काय करतेस. मी सांगितलं. मग म्हटलं, "सर, आमचे सर शेवटची आकृती दाखवतील तेव्हा तळ कुठे आहे ते बघा." ते माझ्याकडे बघत राहिले, मग बाहेरची झाडं बघू लागले. चहाडी म्हणा हवं तर. पुन्हा तशी रिक्षा मिळाली तर पुन्हा करीन.

हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बाबा होते. कारखान्यातून अर्धी रजा टाकून, सफारी घालून आले होते. सरांनीच बोलावलं होतं. संगणक देणाऱ्यांचा मान. सुरुवातीच्या चहाला ते दोघं खिडकीशी उभे राहून हसत बोलत होते, आणि मी दुरून बघून खुळ्यासारखी समजले की बाबा माझी बाजू मांडत असतील.

सरांनी आकृती दाखवली. वयस्कर प्राध्यापकांनी हात वर केला आणि अगदी सौम्यपणे इंग्रजीत विचारलं, की हा तळ जाळीच्या सीमेवर नाही का. या धंद्यातल्या माणसाला याहून लाजिरवाणा प्रश्न नसतो. भूगोलाच्या मास्तरला विचारावं, की साहेब, देश इथे संपतो की तुमचा कागद.

सरांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता ते 'बैठिए' म्हणतील. पण समोर पाहुणा होता. ते माझ्याकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, की गणना संपूर्णपणे छात्रेची आहे, मी महिनोन् महिने सांगतोय की जाळी वाढवा. मग हसून म्हणाले, "पर हर इतवार इनके यहाँ लड़केवाले आते हैं. ध्यान कहाँ से रहेगा."

हॉल हसला. मोठ्याने नाही, सुसंस्कृतपणे.

मला आधी कळलंच नाही, की सरांना रविवार कुठून माहीत. मग खिडकीशी उभे असलेले ते दोघं आठवले. माझ्या पिशवीत मोठ्या जाळीचे सगळे कागद होते. मी उठले, कागद वर धरले आणि म्हटलं, "सर, बड़ी जाली मैंने कर ली है. यह देखिए."

"बैठिए."

मी बसले नाही. मी मागे वळून बाबांकडे बघितलं. त्या हॉलमध्ये एकच माणूस होता ज्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या ताटाशेजारी मी परात ठेवली होती. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझं नाव, माझी अक्कल, माझी तीन वर्षं, सगळं त्या वाक्यावर अडलं होतं.

बाबा उठले. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "सर, माफ़ कर दीजिए. बच्ची से ग़लती हो गई. घर में भी यही हाल है इसका."

मी बसले.

परतताना स्कूटरवर ते म्हणाले, "डिग्री त्यांच्या हातात आहे. आज तू जिंकली असतीस तर जन्मभर बसली असतीस बिनडिग्रीची. मी वाचवलं तुला." हे खरंही असेल. गेटपाशी ब्रेक दाबून पुढे म्हणाले, "शिवाय म्हटलं, बघू टिकते का."

टिकले. डिग्री मिळाली, उशिरा. मोठ्या जाळीचं काम सरांनी दुरुस्ती म्हणून स्वतःच्या नावाने छापलं आणि संगणक चालवल्याबद्दल शेवटी माझे आभार मानले. मी इथल्याच एका कॉलेजात लागले आणि पुढे आयुष्यभर पोरांना लंबक आणि भिंगं शिकवली. केंद्रकांना पुन्हा हात लावला नाही. लग्नही केलं नाही. रविवार मिळायचे थांबल्यावर त्यात मला काही फायदा दिसेना. तो विषय मला आवडत होता, फार आवडत होता, आणि तो माझ्या बापाने नि गुरूने मिळून माझ्याकडून काढून घेतला. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही.

रिटायर झाल्यावर बाबांनी भोपाळमध्येच, अवधपुरीत घर बांधलं. आई तिथे फार दिवस राहिली नाही, गेली. भाऊ परदेशी. उरलो आम्ही दोघं. बाबांचे गुडघे गेले, स्कूटर सुटली, आणि त्यांना एकच हौस राहिली: रविवारी सकाळी कारखान्याच्या गेटपर्यंत जायचं, गाडीत बसून पाच मिनिटं गेटकडे बघायचं आणि परत यायचं. गाडी माझी होती, चालवायची मी.

पहिल्यांदा त्यांनी मागितलं तेव्हा मी म्हटलं, "नेईन. एक रविवार, एक वाक्य."

"कसलं वाक्य?"

"'चूक हिची नव्हती.' कुणातरी समोर म्हणायचं. समोर कोण, ते तुम्ही ठरवा."

ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. बरेच रविवार ते घरी बसले, पेपर उलटा धरून. मी समोर बसून पोहे खाल्ले. माणूस हट्टी होता, पण गेट त्याहून मोठं निघालं. एका सकाळी भाजीवाली दारात आली, तेव्हा तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "ग़लती इसकी नहीं थी." ती म्हणाली, "किसकी, भाईसाब?" मी किल्ली घेतली.

मग तो रिवाजच झाला. पेपरवाल्यासमोर, माळ्यासमोर, एकदा कारखान्यातले जुने सहकारी भेटायला आले त्यांच्यासमोर. शब्द ठरलेले, आवाज सपाट, करारात जेवढं होतं तेवढंच. परातीचं, गोटीचं कधी नाही. ते वाक्य ऐकून मला बरं वाटत असे का? वाटत असे. थोडं. गेटपर्यंत पोहोचेस्तोवर ओसरून जाई.

पुढे ते विसरायला लागले. आधी नावं, मग आई गेल्याचं, मग मी कोण ते, मधूनमधून. वाक्य मात्र विसरले नाहीत. ते कशाबद्दल आहे ते विसरले असावेत, पण म्हटलं की गाडी निघते, एवढं पक्कं होतं. डॉक्टर म्हणाले, सवयीच्या गोष्टी शेवटी जातात. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आता तरी सोडा ना ते, ताई." मी त्यांना चहा दिला.

परवाच्या रविवारी मी तयार होऊन खोलीत गेले. हातात किल्ली, डोळ्यांवर नवा चष्मा. तो पुसायला मी काढला. बाबा पलंगावर बसले होते, ते माझ्या हातातल्या चष्म्याकडे बघत राहिले. मग काठी न घेता उठून उभे राहिले. हात जोडले. मी बाई आहे, त्यांची मुलगी आहे, हे त्यांना त्या वेळी दिसत नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "उस दिन मैं झूठ बोला. बच्ची ने मुझे पहले ही बता दिया था. परात में गोटी रखकर दिखाया था. किनारे पर रुकी थी, सर. मुझे सब मालूम था." त्यांनी जोडलेले हात आणखी वर नेले. "ग़लती आपकी थी. उसे कुछ मत कहिए."

सगळं होतं त्यात. परात होती, गोटी होती, कड होती. ज्या हॉलमध्ये हे बोलायचं होतं तो हॉल तेवढा नव्हता. ते जोडलेले हात तसेच धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, उत्तरासाठी.

चष्मा पुसून झाला, तो मी डोळ्यांवर चढवला.

"बैठिए," मी म्हटलं.

ते बसले. मी किल्ली खुंटीला अडकवली आणि पोहे भिजवायला आत गेले.